उस्तादाने शागीर्द व्हावे

आपल्याकडे एखाद्याचे एकदा नाव झाले की लोक त्याला त्या नावातून बाहेर पडू देत नाहीत. कव्वालाने कव्वालीच गावी, तमाशातल्या बाईने भजन म्हणू नये, विनोदी लेखकाने गंभीर काही लिहिले तर आधी त्याची तब्येत विचारावी, अशी आपली रीत. मास्तरांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. बी.एड.च्या वेळी जो विषय घेतला तो निवृत्तीपर्यंत कपाळावर लिहिल्यासारखा राहतो. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि इतिहास शिकवतो. तेव्हा आम्ही उर्दू आणि इतिहासच जाणावा, बाकीच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या हितचिंतकांचे मत आहे. या हितचिंतकांना मनातल्या मनात उत्तर देताना आम्हाला वारंवार एक इंग्रज गायक आठवतो. त्याचे नाव रॉबर्ट प्लांट.

उर्दू शाळेच्या मुदर्रिसाचा आणि विलायती रॉक संगीताचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध अगदी योगायोगाचा. बी.एड.ला असताना खोलीतल्या एका मित्राच्या मोबाईलमध्ये एक गाणे होते, त्याचे नाव ‘काश्मीर’. गोऱ्यांनी काश्मीरवर गाणे केले आहे म्हणजे त्यात केशर, चिनार, दल सरोवर असे काही असेल म्हणून आम्ही ते ऐकले. त्यात यातले काहीच नव्हते. साडेआठ मिनिटे एक जड, चढती चाल आपली उंटासारखी चालत राहते आणि तिच्यावर एक उंच आवाज वाऱ्यासारखा घोंघावतो. पुढे कळले की ते लिहिणारा तोवर काश्मीरला गेलेलाच नव्हता. १९७३ साली दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटात एका सरळ, न संपणाऱ्या रस्त्यावरून गाडी हाकताना त्याला ते शब्द सुचले. ज्याने न पाहिलेल्या मुलखाचे नाव मोरोक्कोच्या वाळूला दिले, तो माणूस कोण, या कुतूहलातून आम्ही त्याच्या मागे लागलो, ते अजून मागेच आहोत.

प्लांटचा जन्म २० ऑगस्ट १९४८चा, इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिच गावचा. वडील इंजिनियर. मुलाने सनदी लेखापाल व्हावे अशी घरची इच्छा. मुलगा त्या शिक्षणात जेमतेम दोन आठवडे टिकला आणि गाण्यासाठी घर सोडून निघाला. १९६८मध्ये जिमी पेज या गिटारवादकाने ‘लेड झेपलिन’ नावाचा चौघांचा संच उभा केला, त्यात हा वीस वर्षांचा पोरगा गायक झाला. विजेची गिटार, दणदणीत ड्रम आणि टिपेचा आवाज, रॉकची एवढी ओळख तूर्त पुरे. त्या काळात या संचाइतकी गर्दी खेचणारे संच जगात फार थोडे होते. १९७१ साली आलेले ‘स्टेअरवे टू हेवन’ हे त्यांचे गाणे तर गिटार हातात घेणारा प्रत्येक पोरगा आजही आधी वाजवून पाहतो.

आता एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. या संचाने सुरुवातीच्या दिवसांत अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ब्लूजमधून भरपूर घेतले आणि घेताना नावे घेतली नाहीत. १९६९चे त्यांचे ‘होल लॉटा लव्ह’ हे गाणे घ्या. त्यातले शब्द विली डिक्सन या शिकागोच्या ब्लूजकाराच्या गाण्यावरून आले होते. ते गाणे मडी वॉटर्सने १९६२ साली गायिलेले. तबकडीवर डिक्सनचे नाव नव्हते. १९८५ साली डिक्सनने दावा लावला, १९८७मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्याचे नाव गाण्यावर चढले. ही उचलेगिरीच होती, आता तिचे पैसे चुकते झाले, अशा अर्थाचे प्लांट स्वतःच नंतर बोलला. सगळेच आरोप खरे ठरले असेही नाही. ‘स्टेअरवे’वरचा चोरीचा दावा २०१६ साली ज्यूरीने फेटाळला आणि २०२० साली वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम केला. पण डिक्सनचे प्रकरण आम्हाला मास्तर म्हणून महत्त्वाचे वाटते. आमच्या तालमीत उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. नाव न घेता जे घेतले जाते त्याला शिकणे म्हणत नाहीत. प्लांटची पुढची चाळीस वर्षे आम्हाला या एका गोष्टीची हळूहळू केलेली भरपाई वाटतात. त्याने तसे म्हटलेले नाही. हा आमचा अर्थ आहे.

१९७७ साली संच अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना प्लांटचा पाच वर्षांचा मुलगा कॅराक घरी आजारी पडून २६ जुलै रोजी वारला. बाप हजारो मैल दूर. दौरा तिथेच थांबला. प्लांट घरी परतला आणि त्याला गाणे नकोसे झाले. पुढे मुलाखतीत त्याने सांगितले की त्या दिवसांत त्याने ससेक्समधल्या एका अध्यापक विद्यालयात नोकरीसाठी अर्ज केला होता. रुडॉल्फ स्टायनर या शिक्षणतज्ज्ञाच्या पद्धतीचे ते विद्यालय. गोष्टी, चित्रे, हातकाम आणि गाणे यांतून मुलांना शिकवण्याची ती पद्धत.

वाचकहो, हे वाचले त्या दिवशी आम्ही हातातल्या वह्या तपासायच्या थांबवल्या होत्या. आमच्या पेशाबद्दल लोक म्हणतात की दुसरे काही जमले नाही की माणूस मास्तर होतो. इथे सगळे काही जमलेला एक माणूस मास्तर व्हायला निघाला होता. का निघाला असेल? आम्हाला वाटते, ज्याच्या घरातले मूल गेले त्याला मुलांमध्ये जाऊन बसावेसे वाटले असेल. अखेर जॉन बॉनम, म्हणजे संचातला ड्रमवाला आणि त्याचा जुना गाववाला दोस्त, त्याने समजूत घालून त्याला परत आणले. पण २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनमच गेला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याच डिसेंबरात उरलेल्या तिघांनी संच बंद केल्याचे जाहीर केले. दोस्ताच्या जागी भाड्याने माणूस बसवून दुकान चालू ठेवणे त्यांना पटले नाही.

इथून प्लांटची दुसरी उमर सुरू होते. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, म्हणजे आमच्यापेक्षाही लहान. जुनी गाणी गात बसला असता तर सात पिढ्यांची सोय झाली असती. त्याने १९८१मध्ये ‘हनीड्रिपर्स’ नावाचा एक संच गोळा केला आणि इंग्लंडमधल्या छोट्या छोट्या ठिकाणी जुन्या ऱ्हिदम अँड ब्लूजची गाणी गायला सुरुवात केली. १९८२पासून स्वतःच्या नावाने तबकड्या काढल्या, त्यांत त्या काळच्या नव्या यंत्रांचे सूरही वापरून पाहिले. पहिली काही वर्षे त्याने मंचावर लेड झेपलिनचे एकही गाणे गायिले नाही. लोक ओरडून फर्माईश करायचे, हा गायचा नाही.

१९९४ साली पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले, तेव्हा जुनी गाणी त्यांनी परत घेतली खरी, पण ती उघडून, नव्याने बांधून. मराकेशच्या जामा अल-फना चौकात जाऊन वाजवले, मोरोक्कोच्या ग्नावा वादकांना सोबत घेतले. ‘काश्मीर’ला इजिप्तच्या वादकांचा ताफा जोडला, त्याचा म्होरक्या हुसाम रमझी. आणि ‘बॅटल ऑफ एव्हरमोअर’ या गाण्यात १९७१ साली सँडी डेनी या इंग्रज लोकगायिकेचा जो आवाज होता, ती जागा नजमा अख्तर यांना दिली. नजमा अख्तर या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या गायिका. १९८०च्या दशकात त्यांनी उर्दू गझला जॅझच्या साथीने गायिल्या. सँडी डेनी १९७८ सालीच वारली होती. त्या इंग्रज लोकगीताच्या धाटणीच्या गाण्यात गझल गाणाऱ्या गळ्याची मुरकी शिरली आणि गाणे काही बुडाले नाही. आम्ही वर्गात गझल शिकवताना मतला, मक्ता, काफिया, रदीफ सगळे फळ्यावर लिहून देतो. गझल गाणारा गळा कुठवर जाऊ शकतो हे मात्र फळ्यावर लिहिता येत नाही, म्हणून दर वर्षी नववीच्या मुलांना हे गाणे एकदा ऐकवतो.

पूर्वेचे हे वेड १९९४चे नव्हते. १९७२ साली पेज आणि प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपल्याच ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते तब्बल त्रेचाळीस वर्षे पेटीत पडून राहिले आणि २०१५ साली अधिकृतपणे बाहेर आले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या क्लबातही दोघे तेव्हा वाजवून गेले. आणि मराकेशमध्ये प्लांटने उम्म कुलसूम ऐकली. इजिप्तची ही गायिका लहानपणी बापाबरोबर मुलाच्या वेषात गावोगाव धार्मिक गीते गायची. पुढे दर महिन्याला तिची मैफल रेडिओवर लागली की अरबी मुलुख कानात प्राण आणून ऐकत बसायचा. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळी करून गात राहायची. तिचे गाणे ऐकून आपला आवाज लावण्याचा विचारच बदलला, असे प्लांट आजवर सांगत आला आहे. त्याने तिचे नाव लपवले नाही. १९६९चा प्लांट आणि हा प्लांट यांतला फरक आम्हाला इथे दिसतो.

२००३च्या जानेवारीत तो मालीमध्ये, टिंबक्टूच्या पलीकडे एस्साकानच्या वाळूत भरलेल्या ‘फेस्टिव्हल इन द डेझर्ट’ला गेला. तिथे अली फार्का तुरे होते, तुआरेग लोकांचा ‘तिनारिवेन’ हा संच होता. ज्या आफ्रिकेतून माणसांना साखळदंडांत बांधून अमेरिकेला नेले आणि ज्यांच्या नातवंडांनी ब्लूज गायिला, त्या मुलखात हा ब्लूजवर श्रीमंत झालेला गोरा गायक जाऊन वाळूवर बसला. पुढे गांबियाच्या जुल्देह कामारा यांची एकतारी सारंगी, तिला ‘रित्ती’ म्हणतात, त्याच्या संचात आली आणि कामारांचे नाव तबकडीवर आले.

आता सगळ्यांत महत्त्वाचा प्रसंग. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओटू अरीनात लेड झेपलिन एका रात्रीसाठी पुन्हा एकत्र आले. निमित्त होते अहमद एर्तेगुन यांच्या स्मरणाचे. तुर्की राजदूताचा हा मुलगा अमेरिकेत राहिला, त्याने ‘अटलांटिक रेकॉर्ड्स’ ही कंपनी काढली आणि याच कंपनीने लेड झेपलिनला जगापुढे आणले. बॉनमच्या जागी त्याचाच मुलगा जेसन ड्रमवर बसला. तिकिटांसाठी जगभरातून अर्जांचा पाऊस पडला. आता जगाचा दौरा निघणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले. बाकीचे तयार होते. प्लांट तयार नव्हता. सप्टेंबर २००८मध्ये त्याने पत्रक काढून सांगून टाकले की आपण लेड झेपलिनबरोबर दौराही करणार नाही आणि ध्वनिमुद्रणही नाही. लोकांना हा वेडेपणा वाटला.

तो तेव्हा काय करत होता? शिकत होता. ॲलिसन क्रॉस ही अमेरिकेतली ब्लूग्रास गायिका आणि फिडलवादक. ब्लूग्रास म्हणजे तिकडच्या डोंगरातले लोकसंगीत. तिचा जन्म १९७१चा. ज्या वर्षी ‘स्टेअरवे’ आले त्याच वर्षी ती जन्मली. या बाईसोबत त्याने ‘रेझिंग सँड’ नावाची तबकडी केली, टी-बोन बर्नेट यांच्या देखरेखीखाली. ती ऑक्टोबर २००७मध्ये आली. प्लांट आयुष्यभर एकटा गायिलेला, दर रात्री वेगळे गाणारा, मनाला येईल तिथे सूर फेकणारा. क्रॉसच्या परंपरेत दोन आवाज एकमेकांना घट्ट बिलगून चालतात. आज एक जागा घेतली आणि उद्या दुसरी, असे तिथे चालत नाही. सोबतचा आवाज उघडा पडतो. साठीला टेकलेल्या प्लांटला आपल्यापेक्षा तेवीस वर्षांनी लहान बाईकडून दुय्यम आवाजात गायला शिकावे लागले. कमी गायला शिकावे लागले. ओरडण्यासाठी जगप्रसिद्ध असलेला गळा त्या तबकडीवर जवळजवळ कुजबुजतो. २००९च्या फेब्रुवारीत तिला पाच ग्रॅमी मिळाले, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही होता. पण बक्षीस मिळाले नसते तरी आमच्या लेखी हिशेब बदलत नाही.

इथे आमचे स्वतःचे थोडे सांगतो. आमच्या शाळेतले मराठीचे शिक्षक निवृत्त झाले आणि ते पद रिकामेच राहिले. आठवी ते दहावीचे मराठीचे तास कुणी घ्यायचे हा प्रश्न आला, तेव्हा सदर मुदर्रिस साहेबांनी आमच्याकडे पाहिले. आमची मराठी बाजाराची, एस.टी. स्टँडची आणि वर्तमानपत्राची. व्याकरणाची नव्हे. आम्ही तास घेतले आणि सोबत मुक्त विद्यापीठात मराठीच्या बी.ए.ला नाव घातले. अभ्यास केंद्रात आमच्या बाकावर वीस-एकवीस वर्षांची मुले असतात. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला शिकवायला आलेले सर समजून उठून सलाम-नमस्कार केले. आम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसलो तेव्हा वर्गात थोडी खसखस पिकली.

उर्दू लिपीत ‘ळ’ला अक्षर नाही. दखनी बोलणाऱ्या जिभेवर तो बसायला वेळ लागतो. ‘चार’चा च आणि ‘चाक’चा च वेगळा, हे वाचून कळत नाही, कुणाच्या तोंडून ऐकावे लागते. नपुंसकलिंग तर आमच्याकडे नाहीच. पानी पुल्लिंगी, दरख़्त पुल्लिंगी. इथे पाणी आणि झाड दोन्ही ‘ते’. चौदा वर्षे दुसऱ्यांच्या इमल्यावर लाल रेघ मारणाऱ्या हाताने स्वतःच्या वहीवर लाल रेघा घ्यायच्या, याची सवय करावी लागते. त्या रेघा मारणाऱ्या बाई आमच्यापेक्षा वयाने लहान आहेत. आम्ही त्यांना ‘मॅडम’ म्हणतो आणि त्या आम्हाला ‘सर’ म्हणतात. अशा रीतीने दोघांचीही इज्जत राहते.

या वयात हे करताना दोन बाजूंनी दोन वाक्ये ऐकू येतात. स्टाफरूममध्ये एक बुजुर्ग म्हणाले, “मियाँ, उर्दूची पोरे आधीच कमी होत चालली आहेत, आणि तुम्ही मराठीकडे निघालात?” आणि एका साहित्यिक कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी आमची ओळख करून दिली, “सर उर्दूचे असूनही किती छान मराठी लिहितात!” पहिल्या वाक्यात भीती आहे, ती आम्हाला समजते. वर्गातली रिकामी होत जाणारी बाके आम्हीही रोज पाहतो. दुसऱ्या वाक्यात कौतुक आहे, पण त्यातले ते ‘असूनही’ पायात काटा मोडावा तसे राहून जाते. पहिले वाक्य म्हणते, जाऊ नका. दुसरे म्हणते, आलात हे नवल. दोन्हींनी धरलेले गृहीत एकच आहे, की माणसाला घर एकच असते आणि दुसऱ्या घरी तो एक तर पळून जातो किंवा पाहुणा म्हणून जातो.

आमच्या परंपरेत तरी असे नव्हते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. प्रेमचंद आधी नवाबराय या नावाने उर्दूत लिहीत. ‘सोज़-ए-वतन’ सरकारने जप्त केल्यावर नाव बदलले, पुढे ते हिंदीत गेले, तरी उर्दूही शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होती. तेही मुदर्रिसच होते, ही गोष्ट आम्ही मुलांना मुद्दाम सांगतो.

प्लांटकडे पाहून आम्हाला एवढे समजले आहे की बदलणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारावेत. ज्याच्याकडून घेतलेस त्याचे नाव घेतोस का? आणि नव्या जागी जाऊन तू खालच्या बाकावर बसलास का? नुसते कपडे बदलणारे पुष्कळ असतात. आज सूफी चालते म्हणून सूफी, उद्या रॅप चालते म्हणून रॅप. तिथे गायक तोच राहतो, फक्त दुकानाची पाटी बदलते. प्लांटने प्रत्येक वेळी स्वतःचा हुकमी आवाज दाराबाहेर ठेवला आणि आत जाऊन विचारले की इथे कसे गातात. त्याला हे परवडत होते, त्याच्या गाठीला पैसा होता, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण पैसेवाल्याला न शिकणे अधिक परवडते. त्याच्या पंक्तीतले कितीतरी लोक जुनीच गाणी गात म्हातारे झाले, आणि त्यात काही वावगेही नाही. लोकांना ती गाणी हवीच असतात.

आणि जुने सुटते असेही नाही. ‘प्लीज रीड द लेटर’ हे गाणे त्याने पेजबरोबर १९९८ साली केले होते, तेव्हा ते फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. तेच गाणे क्रॉससोबत दोन आवाजांत पुन्हा गायिले आणि त्याला वर्षातल्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी मिळाला. आम्हालाही हा अनुभव येतो आहे. मराठीचे वृत्त शिकताना उर्दूची बहर अधिक नीट उमजली. मुलांना ‘भुजंगप्रयात’ फळ्यावर मांडून दाखवले आणि बाजूला ‘फ़ऊलुन’ चार वेळा लिहिले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, “सर, ये तो एकही है!” लघु-गुरूंची मांडणी खरोखर तीच. उर्दूचे बाक भरावेत म्हणून आम्ही काय करतो असे त्या बुजुर्गांनी पुन्हा विचारले तर हा तास दाखवू.

२०१९च्या सुमारास प्लांटने आपल्या गावाकडच्या वादकांना घेऊन ‘सेव्हिंग ग्रेस’ नावाचा छोटा संच केला. जुनी लोकगीते, भक्तिगीते, ब्लूज असे काहीबाही छोट्या सभागृहांत गायचे. सप्टेंबर २०२५मध्ये त्यांची तबकडी आली. वय सत्त्याहत्तर. सोबतीला सुझी डायन नावाची गायिका आहे आणि मुखपृष्ठावर तिचेही नाव आहे. कित्येक गाण्यांत पुढे ती असते आणि हा मागून तिच्या आवाजाला आवाज देतो.

आमची पुढची परीक्षा येत्या मे महिन्यात आहे. मुलांना याची मोठी गंमत वाटते. परवा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, आप फेल हो गए तो?” आम्ही म्हटले, “तर पुन्हा बसू.” तिला ते उत्तर पटले असावे, कारण तिने आपली गणिताची चाचणीची वही, जी ती दोन दिवस लपवत होती, दप्तरातून काढून आमच्या टेबलावर ठेवली.